अंग बाहेर येतंय का? संध्याकाळी पाहा, उकिडवं बसून पाहा

पेठ-सुरगाण्याकडून पहाटेच्या एसटीने निघालेली बाई दहाच्या सुमारास नाशिकच्या सिव्हिलला पोहोचते. केसपेपरची रांग, मग बाकावर बसून वाट पाहणं, मग टेबलावर आडवं झोपवून तपासणी. त्या दिवशी तिने हंडा उचललेला नसतो, सरपणाची मोळी आणलेली नसते. आणि आडवं झाल्यावर जे खाली उतरतं ते आपसूक आत गेलेलं असतं. तपासणाऱ्याला विशेष काही दिसत नाही. रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन ती परत फिरते आणि घरची चढण चढताना पुन्हा तेच, खाली काहीतरी सरकल्यासारखं.

अंग बाहेर येण्याचा, म्हणजे गर्भाशय किंवा शेजारचा अवयव योनीत खाली उतरण्याचा त्रास दिवस चढतो तसा वाढतो आणि पाठ टेकली की कमी होतो. त्यामुळे तो ओळखायचा तर कधी पाहायचं आणि कुठल्या बैठकीत पाहायचं, इथेच निम्मं काम होतं. बाकीचं पुढे सांगते.

आत नेमकं काय उतरतं

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंचा पडदा असतो. पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भाशय, मागे गुदाशय, सगळ्यांना खालून आधार त्याचा. नवारीची खाट वापरून वापरून सैल झाली की मधे झोळ पडतो, तसा या पडद्याला पडतो, आणि गर्भाशयाला बाजूने धरून ठेवणारे बंधही ढिले होतात. मग जो भाग सैल तिथून वरचा अवयव योनीत उतरतो.

म्हणून प्रत्येक वेळी गर्भाशयच, म्हणजे आपण जिला नुसतं ‘पिशवी’ म्हणतो तीच, खाली येते असं नाही. सगळ्यात जास्त वेळा उतरते ती योनीची पुढची भिंत आणि तिला लागून असलेली लघवीची पिशवी. कागदावर डॉक्टर त्याला सिस्टोसील लिहितात. मागची भिंत उतरली तर रेक्टोसील. गर्भाशय काढून टाकलेलं असलं तरी योनीचा वरचा टोकाकडचा भाग खाली येऊ शकतो. ‘माझी पिशवी दहा वर्षांपूर्वीच काढली, आता काय यायचं राहिलंय’ असं म्हणून कितीतरी जणी या त्रासाकडे दुर्लक्ष करतात.

कारणांत पहिलं बाळंतपण. मोठं बाळ, लांबलेल्या कळा, चिमटा लावून झालेलं बाळंतपण यांत स्नायू ताणला जातो, कधी हाडापासून सुटतोसुद्धा. सिझेरियन झालेलीला धोका कमी, पण अजिबात नाही असं नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि ऊती पातळ पडतात, म्हणून पंचविशीतल्या बाळंतपणाचा हिशोब पुष्कळदा पन्नाशीत पुढे येतो. त्यात भर जुन्या खोकल्याची, चुलीच्या धुराची, बद्धकोष्ठतेची, वाढलेल्या वजनाची आणि ओझ्याची. निफाड-दिंडोरीत खुडणीच्या हंगामात द्राक्षाचे क्रेट, लासलगावच्या बाजूला कांद्याच्या गोण्या, डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात लांबून आणलेलं पाणी. ओझं उचलणाऱ्या प्रत्येकीला हे होतंच असं नाही, पण आधीच सैल झालेल्या जागेवर रोज भार पडतो हे खरं.

पहिली पायरी: चार-पाच दिवस स्वतःकडे लक्ष

आरसा घेण्याआधी हे करा. कागद नको, लक्षात ठेवलं तरी पुरे.

सकाळी उठल्यावर खाली कसं वाटतं आणि दिवेलागणीला कसं वाटतं? सकाळी हलकं आणि संध्याकाळी ओढ लागल्यासारखं, जड, मांड्यांच्या मधे काही लोंबतंय असं वाटत असेल आणि घटकाभर आडवं झाल्यावर ते जात असेल, तर ही मोठी खूण. संडासला उकिडवं बसल्यावर किंवा धुताना हाताला मऊ गोळा लागतो का? बऱ्याच जणींना पहिल्यांदा कळतं ते असंच.

लघवीचं बघा. एकदा करून उठल्यावर दोन मिनिटांत पुन्हा बसावं लागतं का? धार सुरू व्हायला वेळ लागतो, पुढे वाकावं लागतं, की बोटाने गोळा वर सारल्याशिवाय मोकळं होत नाही? वरचेवर लघवीला जळजळ होते का? अर्धवट राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात.

इथे एक फसवी गोष्ट आहे. पूर्वी खोकलं, शिंकलं की लघवी निसटायची. आता वर्षभरात ते बंद झालं, म्हणून बाई खूश. पण त्याच काळात खाली जडपणा वाढला असेल तर खूश होऊ नका. लघवीची पिशवी आणखी खाली उतरली की मूत्रमार्गाला बाक पडतो आणि लघवी अडून राहते, म्हणून ती निसटत नाही. त्रास गेलेला नसतो, त्याने रूप बदललेलं असतं. डॉक्टरांना हे आवर्जून सांगायचं, कारण ऑपरेशनने बाक सरळ झाला की निसटणं पुन्हा सुरू होऊ शकतं. त्याचा विचार आधीच व्हायला हवा.

शौचाचंही तसंच. जोर करूनही अर्धं राहिल्यासारखं वाटणं, योनीच्या बाजूने किंवा मागून बोटाने दाबल्याशिवाय मोकळं न होणं, ही मागची भिंत सैल झाल्याची खूण. हे कुणी आपणहून सांगत नाही. लाज वाटते. पण दवाखान्यात हे एक वाक्य सांगितलंत तर डॉक्टरांचं निम्मं निदान तिथेच होतं.

नुसती कंबर दुखते किंवा नुसतं अंगावरून पांढरं जातं, एवढ्यावरून मात्र अंग खाली आलंय असं धरू नका. या दोन्ही तक्रारींना दुसरी कारणं जास्त असतात, आणि त्यांच्यावर अंगाचा उपचार केला तर मूळ दुखणं तसंच राहतं.

दुसरी पायरी: आरसा

वेळ संध्याकाळची, दिवसभराचं काम उरकल्यावरची. पाळी चालू असेल तर नको. आधी लघवी करून या, नखं कापलेली असू द्या, हात साबणाने धुवा. हातात धरायचा छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरतं. दार लावून घ्या. घाईत काही दिसत नाही.

आरसा जमिनीवर ठेवून त्यावर उकिडवं बसा. गुडघे दुखत असतील तर उभं राहून एक पाय पाटावर किंवा बादलीवर ठेवा. एका हाताने बाहेरच्या पाकळ्या बाजूला करा आणि आधी काहीही न करता नुसतं पाहा. मग संडासला जोर करतो तसा पाच-सहा सेकंद जोर करा, किंवा दोन-तीनदा खोकला. जास्त नको, वारंवार नको.

काही खाली येतंय का? आलं तर कुठून? पुढून, म्हणजे लघवीच्या वाटेच्या बाजूने मऊ, ओलसर, गुलाबी फुगवटा आला तर तो पुढच्या भिंतीचा. गुदद्वाराच्या बाजूने वर येऊन पुढे ढकलतोय असं वाटलं तर मागच्या भिंतीचा. मधोमध टणक, गोलसर काही असेल आणि त्याच्या टोकाला छोटं छिद्र किंवा आडवी चीर दिसत असेल तर ते गर्भाशयाचं तोंड. आरशात उमगलं नाही तर स्वच्छ बोट हलकेच आत घालून जोर करा. ज्या बाजूने बोटावर दाब येईल ती बाजू सैल.

मग आडवं व्हा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा पाहा. गेलं आत? बहुतेक वेळा जातं. तीन-चार दिवसांनी हीच तपासणी पुन्हा करा, एका दिवसावरून ठरवू नका.

नुकत्याच बाळंत झालेल्या मुलींना दोन शब्द. योनीच्या तोंडाशी घड्या, छोटे कोंब, किंचित उघडं तोंड हे बाळंतपणानंतर असायचंच. पहिल्या काही आठवड्यांत भिंती ढिल्या असतात आणि पुढच्या काही महिन्यांत पुष्कळशा सावरतात. रोज रात्री आरसा घेऊन बसू नका. सहा आठवड्यांच्या तपासणीला जाल तेव्हा मात्र विचारा, आणि तोवर पाण्याचे हंडे दुसऱ्या कुणाला तरी उचलू द्या, घरात कितीही तोंडं वाकडी झाली तरी.

किती उतरलंय, ते कसं मोजतात

योनीच्या तोंडाशी जी कडा असते तिथून मोजमाप होतं. उतरलेला भाग कडेच्या आत एक सेंटीमीटरहून वर असेल तर स्टेज १. कडेच्या एक सेंटीमीटर आत-बाहेर असेल तर स्टेज २. त्याहून बाहेर आला पण पूर्ण उलटलं नसेल तर ३, आणि सगळंच बाहेर असेल तर ४. बहुतेक जणींना गोळा जाणवू लागतो तो कडेपर्यंत आल्यावर.

आपल्याकडच्या केसपेपरवर ‘सेकंड डिग्री’, ‘थर्ड डिग्री’ असंही लिहितात. ती जुनी मोजणी गर्भाशयाच्या तोंडाची: ते योनीत खाली आलेलं असलं तर फर्स्ट, दारापर्यंत आलं तर सेकंड, दाराबाहेर आलं तर थर्ड. दोन दवाखान्यांचे कागद समोर ठेवून ‘इथे दोन, तिथे तीन, म्हणजे वाढलं’ असं स्वतःच ठरवू नका. मोजपट्टीच वेगळी असू शकते.

हे अंग नव्हे, ते दुसरंच

सगळ्यात मोठा गोंधळ मूळव्याधीशी. गोळा संडासच्या वाटेतून येतोय की योनीतून, हे आरशातच कळतं. संडासच्या वाटेने लालसर आतडं बाहेर येत असेल तर तो वेगळा आजार, डॉक्टर वेगळे. पाकळीच्या एकाच बाजूला दुखरी, गरम गाठ आली तर ती ग्रंथीची सूज असण्याची शक्यता जास्त. लघवीच्या तोंडाशी मण्याएवढा लाल ठिपका पाळी गेलेल्या बायांना होतो, तो बहुधा निरुपद्रवी, पण दाखवावा. गर्भाशयाच्या तोंडातून देठावर लोंबणारा छोटा गोळा मस्सा (पॉलिप) असू शकतो.

रक्त जात असेल तर मात्र तर्क करत बसायचं नाही. बाहेर आलेला भाग कपड्याला घासून त्यावर जखम होते आणि त्यातून रक्त येतं, हे खरं. पण पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर आलेलं रक्त, संबंधानंतर येणारं रक्त, घाण वास येणारं पाणी यांत कॅन्सर नाही ना, हे पाहावंच लागतं.

लघवी पूर्ण अडली, बाहेर आलेला गोळा आत जाईना आणि सुजून काळपट पडला, थंडी-ताप आणि कुशीत दुखणं सुरू झालं, तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आईला, सासूबाईंना कसं विचारायचं

साठीच्या पुढच्या बाया हे वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. आतून जुन्या लुगड्याचा बोळा ठेवतात, वरून लंगोट घट्ट बांधतात. घरच्यांना दिसतं ते वेगळंच: आजी हल्ली लग्नाला जायला नको म्हणते, दर श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणारी यंदा गुडघ्याचं निमित्त सांगते, एका कुशीवर बसते, धुणं स्वतःचं स्वतः वेगळं धुते, रात्री तीनदा उठते.

‘तुम्हाला काही त्रास आहे का’ असं विचारलं तर उत्तर ‘काही नाही गं’ हेच येणार. ‘आई, संडासला बसल्यावर खाली काही हाताला लागतं का?’ असं सरळ विचारा. मी पाहिलंय, असा नेमका प्रश्न आला की बाई आधी तुमच्याकडे पाहते, मग दाराकडे पाहते आणि मग हळूच म्हणते, ‘लागतं की. धाकट्याच्या वेळेपासून लागतंय.’ आणि त्या धाकट्याची मुलं कॉलेजात असतात. विचारताना घरातले पुरुष आसपास नकोत, एवढं पाहा.

बोळा ठेवायचं मात्र बंद करायला सांगा. तुरटी, चुना, कसलीही पाला-मुळी आत ठेवणंही. त्याने जखमा होतात, जंतू वाढतात, आणि विसरलेला बोळा आत सडलेला सापडतो.

तिसरी पायरी: दवाखाना

सरकारीत त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय. महापालिकेची कथड्याचं झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको. शिवाय आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. गावाकडे असाल तर आधी आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का आणि कुठल्या रुग्णालयात, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारायचं, नंतर नव्हे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा.

आत गेल्यावर ‘पोटात दुखतं’, ‘अशक्तपणा आहे’ यापासून सुरुवात करू नका. आपण तिथून सुरू करतो आणि खरी गोष्ट दाराशी जाताना सांगतो, तेव्हा पुढची पेशंट आत आलेली असते. पहिलंच वाक्य हे असू द्या: ‘डॉक्टर, खाली अंग येतं, संध्याकाळी जास्त येतं, झोपल्यावर आत जातं.’ मग लघवीचं, शौचाचं, बाळंतपणांचं.

झोपवून तपासल्यावर काही नाही म्हटलं तर विचारा: ‘उभं करून किंवा उकिडवं बसवून, जोर करायला लावून बघता का?’ चांगले डॉक्टर याला हरकत घेत नाहीत. हा तपासणीचाच भाग आहे. आपला नंबर यायच्या आधी आवारात दोन फेऱ्या मारा, जिने चढा-उतरा. संध्याकाळी बाहेर आलेल्या भागाचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून दाखवला तरी उपयोग होतो. फोन घरात चार हातांत फिरत असेल तर हा उद्योग नको, आणि काढलात तर दाखवून झाल्यावर पुसून टाका.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे अंग खाली आलेलं नाही, असं मुळीच नाही. नेहमीची सोनोग्राफी झोपवूनच होते. ती गर्भाशयात गाठ आहे का, लघवी केल्यावर पिशवीत किती उरते हे सांगते. अंग किती उतरलं हे हाताने आणि डोळ्यानेच ठरतं. सोबत लघवीची तपासणी, साखर आणि गर्भाशयाच्या तोंडाची, कॅन्सरची शक्यता पाहणारी पॅप तपासणी होणं योग्य.

निदान झालं, आता?

उतरलंय पण त्रास काहीच नाही, तर काहीही न करता लक्ष ठेवणं हाही उपचार आहे. थोडं उतरलं असेल तर तळाच्या स्नायूंचा व्यायाम. वारा अडवताना जसं आतल्या आत आकसून वर खेचतो तसं पाच ते दहा सेकंद धरायचं, तेवढाच वेळ सोडायचं, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, श्वास आवळायचा नाही. चालू लघवी अडवून रोज सराव करायचा नाही. फरक कळायला किमान तीन-चार महिने जातात, आणि फिजिओथेरपिस्टकडून एकदा बरोबर जमतंय का हे पाहून घ्यावं, कारण पुष्कळ जणी वर खेचण्याऐवजी खाली ढकलत असतात. क्रेट असो की नातू, उचलण्याआधी आकसा आणि श्वास सोडत उचला. पूर्ण बाहेर आलेलं अंग व्यायामाने आत जाणार नाही, तशी आशा कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नका.

रिंग पेसरी आपल्याकडे उगाच मागे पडली आहे. मापाचं कडं योनीत बसवतात, अंग वर राहतं, ऑपरेशन टळतं किंवा लांबवता येतं. तीन ते सहा महिन्यांनी काढून, धुऊन, आत जखम नाही ना हे पाहून घ्यावं लागतं. बसवून विसरून जायची गोष्ट नाही. हृदयाच्या आजारामुळे भूल धोक्याची असलेल्या आजींना तर हा पहिला पर्याय. डॉक्टरांनी आपणहून काढला नाही तर विषय तुम्ही काढा.

ऑपरेशन म्हणजे पिशवी काढणंच, असंही नाही. मूल हवं असलेल्या किंवा गर्भाशय ठेवू इच्छिणाऱ्या बायांसाठी ते वर बांधून ठेवण्याच्या पद्धती आहेत. त्यातल्या दोन मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावांनी देशभर शिकवल्या जातात. आणि पिशवी काढली पण वरचा आधार बांधलाच नाही, तर उरलेला भाग पुन्हा खाली येतो. म्हणून ‘पिशवी काढू’ असं ऐकलं की ‘आधार कशाने देणार?’ हे विचारायचं. आधारासाठी कृत्रिम जाळी (मेश) बसवणार म्हणाले तर कोणत्या वाटेने हेही विचारा: योनीमार्गे अंगासाठी बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. पोटातून बसवायची जाळी हा वेगळा प्रकार आहे.

तारीख मागताना शेतीचं वेळापत्रक समोर ठेवा. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे ते तीन महिने जड उचलायचं नसतं. द्राक्षवाल्यांनी खुडणीच्या तोंडावर, कांदेवाल्यांनी काढणीच्या आधी आणि इगतपुरी-पेठकडच्यांनी भातलावणीच्या आधी तारीख घेतली तर घरी ‘एवढंच उचल’ म्हणणारे भेटतात आणि टाके सैल पडतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना हंगाम सांगा, त्यांना मागेपुढे करता येतं. तोवरच्या महिन्यांसाठी रिंग मागून घ्या. फक्त लघवी अडत असेल, जखम वाहत असेल किंवा रक्त जात असेल, तर हंगामासाठी थांबू नका.